दारू कमी करताना झोप उडते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात, देवळामागच्या खोलीत आम्ही नऊ-दहा जण दर गुरुवारी रात्री बसतो. कुणी उद्यमबागेत फाऊंड्रीत आहे, कुणी वडगावात मागावर, एक जण फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, दोघे-तिघे भात आणि रताळ्याचे शेतकरी. सगळे पिणारे होतो. काहींनी पूर्ण सोडली, काहींनी कमी केली, काही अजून झगडतायत. खानापूर, निपाणी, संकेश्वर, पलीकडून चंदगड अशा ठिकाणांहून लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे लिहून काढले. आम्ही डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलंय आणि ते मनावर घ्या ही कळकळीची विनंती.

थोडी घेतली की झोप छान लागते. मग दारूनं झोप बिघडते असं का म्हणता?

लागते हे खरं आहे. दारू मेंदूला गुंगी आणते, त्यामुळे डोळा लवकर लागतो आणि पहिले तीन-चार तास माणूस दगडासारखा पडून असतो. बिघडतं ते त्याच्या पुढे. रात्री आपल्याला झोपेच्या अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत स्वप्नं पडणारी एक झोप असते. दारू ही स्वप्नांची झोप रात्रीच्या पहिल्या भागात दाबून टाकते. रक्तातली दारू उतरायला लागली की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. मग दोन-तीन वाजता जाग येते, छाती धडधडते, घाम येतो, घसा कोरडा पडतो. लघवी अडवून धरणारा एक रस शरीरात असतो, दारू तोही कमी करते, त्यामुळे दोन-तीनदा उठावं लागतं ते वेगळंच.

वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याची पुढची गोष्ट आणखी वाईट. डोळा लागण्यापुरती जी गुंगी लागते तिची शरीराला सवय होते. पूर्वी नव्वदीत येणारी झोप मग क्वार्टरशिवाय येत नाही. आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच वाक्य बोललाय: “मी मजेसाठी घेत न्हाई, झोपेसाठी घेतो.” मीही तेच म्हणत होतो, आणि तेव्हा ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं.

एक क्वार्टर म्हणजे नेमकी किती दारू?

१८० मिलीची बाटली, आणि व्हिस्की, रम, ब्रँडी यांत ४२.८ टक्के दारू. वजनात ते सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. डॉक्टर ३० मिलीच्या लहान पेगला, म्हणजे साधारण १० ग्रॅमला, एक माप धरतात. त्या हिशेबानं क्वार्टर म्हणजे सहा मापं, ९० मिलीचं पाकीट तीन. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर तीही चार मापं होते. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं.

लिव्हर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल जाळतं. लिंबू पिऊन, आंघोळ करून किंवा काळी कॉफी घेऊन तो वेग वाढत नाही. म्हणजे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर शरीरातून जायला पहाटेचे पाच वाजतात. पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढून पहिल्या पाळीला जाणाऱ्यानं याचा विचार करावा.

आज ठरवलं, उद्यापासून एकदम बंद. चालेल का?

काहींना चालेल, काहींच्या जिवावर बेतेल. हा प्रश्न घाईघाईत वाचू नका.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोटभर घेतल्याशिवाय थांबत नाहीत, बरीच वर्षं रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त जाते, पूर्वी सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते, यातलं काहीही तुम्हाला लागू असेल तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर. शरीर दारूच्या गुंगीला तोलून धरण्यासाठी आतून सतत जोर लावत असतं. दारू अचानक काढून घेतली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ताप चढतो, वेळ-काळ कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलताना ऐकू येतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं आणि अंगारा लावत बसतात. ते बाहेरचं नसतं. तो जिवावरचा आजार आहे, १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचा असतो.

२०२० साली मार्चअखेर दारूची दुकानं बंद झाली आणि आपल्या कर्नाटकात ती ४ मेला उघडली. त्या दिवसांत माझ्या एका चुलत्यांना तिसऱ्या रात्री फिट आली. ते दारू सोडायला निघाले नव्हते, मिळत नव्हती एवढंच. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की दारू न मिळाल्यानंही असं होतं. त्यांचा जीव वाचला, पण त्या रात्रीची आठवण काढली की काकू अजून गप्प होतात.

डॉक्टर काय करतात? पाच-सात दिवस थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या देतात, त्यांचा डोस रोज थोडा उतरवत नेतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ फार कमी असतं, ते भरून न काढता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावताना “हे रोज पितात” एवढं सांगायला लाजू नका. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत दारू अचानक तोडायची नाही, हेही लक्षात ठेवा.

कमी करावी की पूर्ण सोडावी?

सकाळची थरथर असलेला, लिव्हर सुजलेला, किंवा “आज एकच” म्हणून बसला की बाटली संपेपर्यंत न उठणारा, अशानं सोडलेली बरी. कमी करणं त्याला सोडण्यापेक्षा जड जातं, कारण रोज रात्री मनाशी नवा सौदा करावा लागतो. आमच्या खोलीत हे वारंवार पाहिलंय.

आठवड्यातून दोन-चारदा घेणारा, थरथर नसणारा, तो कमी करू शकतो. त्यासाठी ज्या गोष्टी आमच्यात खरोखर उपयोगी पडल्या त्या साध्या आहेत. घरी साठा ठेवायचा नाही. क्वार्टरऐवजी नव्वदचं पाकीट घ्यायचं आणि तेही मोजून ग्लासात ओतायचं. जेवून मग घ्यायची. आणि झोपायच्या निदान चार तास आधी संपवायची, म्हणजे संध्याकाळी सातला संपवणारा अकराला झोपला तर रात्र त्यातल्या त्यात बरी जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर न घेतलेल्या दिवसाला टिळ्यासारखा लाल ठिपका द्या. एका भावाच्या घरी तो ठिपका त्याची चौथीतली मुलगी देते. तिनं विचारल्यावर खोटं सांगणं त्याला जमत नाही.

श्रावणात महिनाभर शिवत नाही. म्हणजे मला व्यसन नाही ना?

श्रावण पाळता हे चांगलंच आहे. पण महिनाभर थांबता येणं आणि थांबल्यावर डोक्यात तेच न फिरणं, या दोन गोष्टी वेगळ्या. आदल्या अमावास्येला पिंपभर घेता का? श्रावण संपायचे दिवस बोटावर मोजता का? संपल्या रात्री पूर्वीइतकीच घेता का? याची उत्तरं स्वतःशी द्या. महिनाभरानंतर शरीराची सवय उतरलेली असते, तेव्हा जुन्या मापानं घेतलेली दारू दुप्पट चढते. आणि रोज भरपूर घेणाऱ्यानं श्रावण पाळायचा तर वरचं “एकदम बंद”चं उत्तर पुन्हा वाचावं, आधी दवाखाना.

श्रावणाचा एक मोठा फायदा मात्र आहे. चार आठवडे मिळालेच आहेत तर आपली झोप त्यात कशी बदलते ते लिहून ठेवा. आमच्यातल्या दोघांनी श्रावणातल्या शेवटच्या आठवड्यातली झोप बघूनच पुढे न घ्यायचं ठरवलं.

सोडून आठ दिवस झाले, झोप अजिबात नाही. हे किती दिवस चालणार?

पहिला आठवडा सगळ्यात वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तुकड्या-तुकड्यांनी झोप येऊ लागते. पण बरीच वर्षं प्यायलेल्या माणसाची झोप कच्ची राहणं काही महिनेही चालू शकतं. खोटा दिलासा देत नाही, कारण “चार दिवसांत सगळं ठीक होतं” असं सांगितलेला माणूस पाचव्या रात्री दुकानाकडे जातो.

दाबलेली स्वप्नं परत येतात तेव्हा ती फार ठसठशीत असतात. आपण पितोय असंही स्वप्न पडतं, इतकं खरं की उठल्यावर तोंडाला चव येते आणि अपराधी वाटतं. ते पाप नाही, मेंदू जुना हिशेब मिटवतोय. सकाळी कुणाला तरी सांगून टाका.

मी पहिल्यांदा एकट्यानं सोडली तेव्हा पाच रात्री टक्क जागा होतो. सहाव्या रात्री घेतली, आणि ती तल्लफ म्हणून घेतली नव्हती. नुसतं डोळे मिटावेत म्हणून घेतली. दारू सोडलेली माणसं परत का पितात याची कारणं लोक मित्रमंडळी, टेन्शन, बायकोशी भांडण अशी सांगतात. ती आहेतच. पण इतक्या गुरुवारी इतक्यांचं ऐकून माझं मत असं झालंय की पहिल्या महिन्यात माणूस सगळ्यात जास्त पडतो तो झोपेपायी. आणि झोपेचं कुणी विचारत नाही. “सोडलीस ना? शाब्बास,” म्हणून सगळे आपापल्या घरी झोपायला जातात.

रात्री अडीचला जाग आली. घरात सगळे झोपलेत. आता काय करू?

पहिलं, घड्याळ बघू नका. मोबाईल उशाला ठेवू नका, सोप्यात ठेवा. वीस-एक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर अंथरुणातून उठा. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदू शिकतो की ही जागा तळमळण्याची आहे. उठून सोप्यात मंद उजेडात बसा. जात्यावर बसल्यासारखं एकसुरी काहीतरी करा: नामजप, शेंगा सोलणं, पोराच्या पुस्तकाला कव्हर घालणं. आमचे सुभेदारसाहेब बूट पॉलिश करतात, घरातल्या सगळ्यांचे. डोळे जड झाले की मगच परत अंथरुणात जा. नाही झोप लागली तर परत उठा. चार-पाच रात्री हे वेडेपणाचं वाटतं, मग गुण येतो.

दुसरं, फोन करा. आमच्या गटात प्रत्येक नव्या माणसाला एक जोडीदार असतो. पहिले एकवीस दिवस तो जोडीदार फोन उशाशी घेऊन झोपतो. नियम एवढाच की नव्या माणसानं मिस्ड कॉल द्यायचा आणि जोडीदारानं उलट फोन करायचा. काय बोलतात? फार काही नाही. “काय करूलास?” “बसलोय.” “पाणी पी.” मग रोपं लावून झाली का, बोअरला पाणी आहे का. माझ्या जोडीदारानं एकदा पहाटे तीनला मला त्याच्या म्हशीचं आजारपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं मी दुकानाचा विचार केला नाही, कारण म्हैस वाचली का नाही हे मला कळायचं होतं.

तल्लफेची लाट साधारण अर्ध्या तासात ओसरते. एकटा माणूस तेवढ्यात चप्पल घालून बाहेर पडतो. पलीकडे कुणाचा तरी आवाज असला की तो वेळ निघून जातो.

तिसरं, सकाळी उठायची वेळ बदलू नका. रात्र कशीही गेली तरी साडेपाच म्हणजे साडेपाच, रविवारीसुद्धा. आणि उठल्या उठल्या अर्धा तास उघड्यावर, उन्हात या. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दुपारी झोपायचंच असेल तर वीस मिनिटं, तीनच्या आत. रात्री झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही, मग साडेअकरा वाजले तरी चालतील. फक्त अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली आणू नका. आणि झोप झाली नसेल त्या दिवशी ट्रॅक्टर, भट्टी, घाटातलं ड्रायव्हिंग यांपासून लांब राहा.

मेडिकलमधून झोपेची गोळी आणू का?

स्वतःच्या मनानं नको. झोपेच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतल्या त्याच जागी काम करतात जिथे दारू करते. दोन्ही एकत्र गेल्या तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. आणि दारू सुटून गोळी लागलेले दोघे आम्हाला भेटलेत. गोळी सोडवायला त्यांना दारूपेक्षा जास्त महिने लागले. डॉक्टरांनी सोडवताना दिलेल्या गोळ्या वेगळी गोष्ट, त्या ठरलेल्या दिवसांपुरत्या असतात आणि मोजून घरच्यांच्या हातात असाव्यात.

गरम दूध खुशाल घ्या. त्यात जायफळ चिमूटभर, जास्त नाही, कारण जास्त जायफळ विषारी आहे. “लिव्हर साफ करणारे” काढे आणि भस्मं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. आधीच दमलेल्या लिव्हरवर आणखी ओझं पडतं.

चहा, तंबाखूचं काय?

दारू सोडली की चहा वाढतो. चहा-कॉफीतला अंमल पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मा शिल्लक असतो, म्हणून दुपारी दोननंतर चहा नको. तंबाखूचं बोलायला आम्हाला जड जातं, निपाणी भागात तंबाखूवर कितीतरी घरं उभी आहेत. पण तंबाखू झोप आणत नाही, उडवते. रात्री जेवणानंतरची ती शेवटची तंबाखू-चुन्याची चिमूट किंवा बिडी बंद केली तरी फरक दिसतो. दोन्ही व्यसनं एकदम सोडायची ताकद असेल तर उत्तम. नसेल तर निदान संध्याकाळी सातनंतरची सोडा.

रात्रपाळी असते. माझी झोप कुठल्या वेळी धरू?

फाऊंड्रीतून सकाळी सातला सुटून “झोप लागावी म्हणून” आठ वाजता घेणारे बरेच आहेत. तुमची अडचण खरी आहे, शरीर दिवसा जागं राहायला बनलंय. घरी जाताना डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, म्हणजे ऊन कमी लागेल. खिडकीला जाड चादर किंवा जुनं घोंगडं लावा. घरच्यांना सांगा की दुपारी दोनपर्यंत दाराची कडी वाजली नाही पाहिजे. शेवटचा चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात. शक्य असेल तर सुपरवायझरशी बोलून पहिला महिना दिवसपाळी मागून घ्या. आमच्यातल्या दोघांना मागितल्यावर मिळाली.

मी फार घोरतो. त्याचा दारूशी संबंध आहे का?

आहे. दारूनं घशाचे स्नायू सैल पडतात, घोरणं वाढतं, आणि काहींचा श्वास मध्येच अडकून थांबतो. घरची माणसं म्हणत असतील की घोरता घोरता एकदम गप्प होतो आणि मग गचका देऊन श्वास घेतो, तर दारू सोडूनही ते दाखवायलाच हवं. बीपी न उतरण्यामागे कधी कधी हेच असतं.

तुमच्या बैठकीत नेमकं काय होतं? भजन की भाषण?

दोन्ही नाही. गोल बसतो, एकेक जण आठवडा कसा गेला ते सांगतो, मध्ये कुणी बोलायचं नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही. मागितला तरच द्यायचा. प्रत्येकाला झोप किती झाली हे मात्र हमखास विचारतो.

ही रीत आमची नाही. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी आला होता. पाच-सहा महिने त्यानं दारू शिवली नव्हती, काम फिसकटलं आणि हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर यायला लागला. बारमध्ये जाण्याऐवजी तो फोनपाशी गेला आणि बोलायला दुसरा कुणी पिणारा मिळतो का ते शोधत राहिला. मिळाले ते बॉब स्मिथ नावाचे सर्जन. डॉक्टर बॉब यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ तोच दिवस आपला जन्मदिवस मानते. मला त्या गोष्टीतला फोन फार महत्त्वाचा वाटतो. विल्सन समोरच्याला सुधारायला गेला नव्हता, त्याला स्वतःला ती संध्याकाळ काढायची होती. त्या बैठका आज जगभर आणि भारतातही आहेत, फी नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. आपलं नाव सांगायची सक्ती नाही.

आपल्याकडे याहून जुनी गोष्ट माळकऱ्यांची. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू-मटण बंद, आणि आळंदी-पंढरीच्या वाटेवर सोबत चालणारे शेकडो लोक. माळेचा एक उपयोग कुणी बोलून दाखवत नाही: लग्नात ग्लास पुढे आला की “माळ हाय” एवढं म्हटलं की विषय संपतो, आग्रह करणाराच हात मागे घेतो. आमच्यातले तिघे माळकरी झाले. बाकीच्यांवर सक्ती नाही, एक मुसलमान भाऊ आहे, एक लिंगायत आहेत.

कर्नाटकात धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरंही गावोगाव होतात. शिबिर संपल्यावर त्या लोकांच्या नवजीवन समित्या पुढे भेटत राहतात. मराठी माणसाला कन्नड अडचण वाटते, पण जाऊन आलेल्यांचं म्हणणं असं की तिथे बसल्यावर भाषेची आठवण राहत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून मराठीतून हे काम करतंय, आणि लांब जायची तयारी असेल तर तोही रस्ता आहे.

मी त्यांची बायको. त्यांच्या जेवणात दारू सोडवायचं औषध मिसळू का?

नको, वहिनी. किती जणींनी हा प्रश्न हलक्या आवाजात विचारलाय. दारू सोडवायला दिली जाणारी एक गोळी अशी आहे की तिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणसाला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती काहींना उपयोगी पडते. न सांगता दिली तर त्यांना काय झालं हे दवाखान्यातही कळणार नाही. जाहिरातीतल्या पुड्यांत काय असतं हे तर कुणीच सांगू शकत नाही. तल्लफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, मानसोपचार डॉक्टर ती देतात.

तुमची झोप कोण बघतं, हे मला तुम्हाला विचारायचंय. ते येईपर्यंत जागं राहायचं, आल्यावर भांडण, मग पहाटे उठून पाणी भरायचं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीही वेगळे गट असतात, अल-अ‍ॅनॉन नावाची चळवळ १९५१ पासून त्यासाठीच आहे. आमच्याकडे महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी बायका वेगळ्या बसतात, तिथे काय बोलतात ते आम्ही विचारत नाही. मारहाण होत असेल तर बैठकीची वाट बघू नका, ११२ ला फोन करा.

बायका पितात त्या तुमच्याकडे येऊ शकतात का?

येऊ शकतात, आणि दोघी फोनवरून जोडलेल्या आहेत. बाईच्या शरीरात तेवढीच दारू जास्त चढते आणि लिव्हर लवकर खराब होतं. पण तिला लपवावं लागतं म्हणून ती उशिरा येते. त्यांच्यासाठी जोडीदार बाईच असते.

जत्रा, लग्न, गोव्याची ट्रिप. कसं टाळू?

गावची लक्ष्मीची जत्रा आली की घरोघरी पाव्हणे आणि परड्यात बाटल्या. त्या आठवड्यात आम्ही रोज भेटतो. जेवण वाढायचं काम अंगावर घ्या, हातात बादली असली की ग्लास देता येत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी “स्वस्तात आणूया” गाडी पहिलं वर्ष तरी चुकवा. माजी सैनिकांनी कॅन्टीनचा दारूचा कोटा उचलायचाच नाही. “दुसऱ्याला द्यायला आणतो” असं आमच्या सुभेदारसाहेबांनीही सुरुवातीला म्हटलं होतं, आणि त्या बाटल्या दुसऱ्याकडे कधी गेल्या नाहीत हे त्यांनीच सांगितलंय.

तीन महिने राहिलो आणि काल घेतली. आता तोंड कसं दाखवू?

तसंच दाखवा. आमच्यात एकदाही न पडलेले दोनच जण आहेत. फक्त सगळं वाया गेलं म्हणून पुढचे आठ दिवस पीत बसू नका, आणि जुन्या मापानं घेऊ नका, शरीर आता ते पेलणार नाही. पडण्याच्या आधीच्या तीन रात्री झोप कशी होती ते आठवा. बहुतेक वेळा तिथेच सुरुवात सापडते.

डॉक्टर कुठे भेटतील? कागद सगळे कन्नडमध्ये असतात.

बेळगावात सिव्हिलला म्हणजे बिम्सला आणि केएलईच्या मोठ्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स हे खास मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, दिवस आधी विचारून जा. फोनवर बोलायचं तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र आणि फुकट, मराठीतूनही बोलता येतं. व्यसनासाठी केंद्र सरकारचा १४४४६ हाही फुकट नंबर आहे.

डॉक्टर आणि नर्स मराठी समजून घेतात, तोंडी अडचण फार येत नाही. चिठ्ठी, फॉर्म कन्नडमध्ये असला तर आमच्यातले दोघे कन्नड वाचणारे सोबत येतात. “गोळी सकाळी की रात्री” यात चूक व्हायला नको म्हणून ते डब्यावर मराठीत सूर्य आणि चंद्र काढून देतात.

यायचंय, पण गावातल्या कुणी बघितलं तर?

मी पहिल्या गुरुवारी देवळाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि घरी परत गेलो. दुसऱ्या गुरुवारी दारापर्यंत आलो. आत जो बसला होता तो माझ्याच शेताच्या बांधाला बांध असलेला माणूस. आठ वर्षं आम्ही एकाच दुकानाच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांना न बघितल्यासारखं करत होतो. त्यानं सरकून जागा केली.

समोरच्या दारानं यायचं नसेल तर मागे बोळ आहे, तिथला दिवा आम्ही मुद्दाम लावत नाही. साडेसातला सुरू होतं, नऊला संपतं. चहा नसतो, रात्रीचा चहा आम्ही बंद केलाय. हंगामात उकडलेली रताळी असतात, एरवी ताक. पहिल्या दिवशी बोलायची गरज नाही. निघताना एक जण तुमचा नंबर घेईल आणि विचारेल, रात्री साधारण किती वाजता जाग येते. खरी वेळ सांगा, त्या वेळेला तो फोन उशाशी ठेवणार आहे.